वाहन एक, तालुके दोन



सकाळी चौदा नियम घेताना आपला सगळा वेळ सचित्त, द्रव्य आणि विगई यांच्यावर जातो, कारण ते स्वयंपाकघरातले नियम. 'वाहन' आणि 'दिशा' हे दोन पटकन उरकतात. वाहन एक, फार तर दोन. दिशा म्हणजे आपलं गाव. भाजी मंडई, स्थानक, मुलीचं घर, एवढ्यात दिवस संपतो, मग विचार कशाचा करायचा?

गेल्या मार्गशीर्षात मात्र सात दिवस हे दोन नियम मला रोज नीट विचार करून घ्यावे लागले. वाहन एक, मोटारसायकल. दिशा, शहापूर आणि मुरबाड तालुका. ठाणे जिल्ह्यातले हे दोन शेजारी तालुके, त्यांच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही.

मोटारसायकल माझ्या मैत्रिणीची. आम्ही कॉलेजात एका बाकावर बसायचो. मी लग्न होऊन कल्याणला आले, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली आणि शहापुरात राहिली. तिच्या शाळा आडगावच्या. एसटी दिवसातून दोनदा यायची, पावसात तीही नाही. म्हणून १९९८ साली तिने भावाकडून मोटारसायकल शिकून घेतली आणि निवृत्त होईपर्यंत त्याच रस्त्यांवर चालवली. आता ती नागपूरला मुलाकडे कायमची राहायला जाणार होती. गाडी भाचीला द्यायचं ठरलं होतं. त्याआधी तिने मला फोन केला. "अगं, तीस वर्षं म्हणतेयस, तुझे डोंगर दाखव. आता आठवडाभर ये, नाहीतर राहिलं ते राहिलं."

घरी मी सांगितलं तेव्हा मुलगा म्हणाला, "मम्मी, गाडी घेऊन जा ना, ड्रायव्हर देतो." सासूबाईंनी एवढंच विचारलं की मागे बसून झोप तर लागणार नाही ना, आणि खाखऱ्यांचा डबा भरायला घेतला. वय त्र्याऐंशी, पण प्रश्न नेमका विचारतात!

निघण्याआधी मी उपाश्रयात जाऊन साध्वीजींकडून सात दिवसांचं पच्चक्खाण घेतलं. श्रावकाच्या बारा व्रतांमधलं सहावं व्रत दिशांच्या मर्यादेचं. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण तर आहेतच, शिवाय वर आणि खालीसुद्धा. दहाव्या देशावकाशिक व्रतात तीच मर्यादा थोड्या काळापुरती आणखी आखडून घ्यायची. तेच मनाशी धरून मी दोन तालुक्यांची हद्द घेतली. फिरायला जाताना हद्द कशाला, असं मैत्रिणीने विचारलं. मी म्हटलं, आपण तीर्थयात्रेला बसने निघतो तेव्हा बारा दिवसांत वीस गावं करतो आणि परतल्यावर कुठल्या गावात काय पाहिलं तेच आठवत नाही. या वेळी मला थोडं पाहायचं होतं, पण पाहायचं होतं.

आता तुम्ही विचाराल म्हणून आधी व्यवस्थेचं सांगते. मुक्काम सातही रात्री तिच्या घरी. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेपाचच्या आत जेवण उरकायचं आणि त्याआधी घर गाठायचं. दिवा लावून गाडी चालवायची वेळच येऊ दिली नाही. यात चोविहार सांभाळला जातो हे खरं, पण आणखी एक फायदा आहे. तिन्हीसांजेला गाडीच्या दिव्यावर जीव झेपावतात, हेल्मेटच्या काचेवर चिकटतात. ते टळलं. वेग चाळीसच्या वर नाही. तरी चाकाखाली काय काय आलं असेल कोण जाणे, म्हणून संध्याकाळी इरियावहियं म्हणताना त्या सूत्रातला एकेक जीव डोळ्यांपुढे यायचा. घरात बसून म्हणताना तसा येत नाही.

नवकारसी पाळूनच निघायचो. डब्यात तांदळाची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, खाखरे, कधी मुगाचे धिरडे. आठमीला हिरवं नाही, म्हणून वालाची उसळ. उकळलेलं पाणी दोन बाटल्यांत. कपड्यांचं म्हणाल तर पंजाबी ड्रेस, आणि ओढणी घरी. ओढणी चाकात गुंतून किती अपघात होतात ते आपण वाचतो. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं, एका बाजूला नाही. आणि स्वच्छतागृहाची चिंता, जी आपण कोणालाच बोलून दाखवत नाही, ती मैत्रिणीमुळे मिटली. प्रत्येक गावची शाळा तिच्या ओळखीची. "बाई आल्या, बाई आल्या" म्हणत कोणीतरी किल्ली घेऊन धावायचं.

समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातूनच जातो. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. घाईचा रस्ता आम्हाला बंदच होता, हे बरं झालं.

पहिल्या दिवशी मानस मंदिरात दर्शन घेतलं. तुमच्यापैकी पुष्कळजणी तिथे गेल्या असाल. दर्शन झाल्यावर आपण भोजनशाळेकडे वळतो, तशी या वेळी वळले नाही. टेकडीवर उभी राहून माहुली किल्ला पाहिला. त्याचे सुळके आसनगाव स्टेशनवरूनही दिसतात. गावकऱ्यांनी त्यांना नावं दिली आहेत, नवरा, नवरी आणि लग्न लावणारा भटोबा. १६३६ साली निजामशाही बुडत असताना शहाजीराजे जिजाऊ आणि बालशिवाजींसह याच किल्ल्यावर होते, वेढा पडला आणि इथेच तह करावा लागला. शाळेत मी हे पाठ केलं होतं. लोकलच्या खिडकीतून किल्लाही कितीदा पाहिला असेल. पण तो हाच, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तानसा. जंगलातून जाणारा रस्ता, कडेने माणूस आत उभा राहील एवढ्या जाड जलवाहिन्या. तानसा धरण १८९२ सालचं, मुंबईला पाणी देणारं. शहापूर तालुक्यातच भातसा धरण आहे, मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मं एकट्या भातसातून जातं. आणि याच तालुक्यातले कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. मैत्रीण सांगत होती, मार्च उजाडला की वर्गातल्या मुली कमी व्हायच्या. आईबरोबर हंडा घेऊन विहिरीवर. ती हजेरीत गैरहजर मांडायची आणि दुपारी त्यांच्या घरी जाऊन धडा सांगून यायची. मोटारसायकल त्यासाठीही लागायची.

पाणी तुपासारखं वापरावं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पाण्यात जीव आहेत म्हणून. त्या जलवाहिनीच्या सावलीत बसून डबा खाताना वाटलं, माझ्या नळाला येणाऱ्या पाण्यामागे पलीकडच्या पाड्यावरची एखादी मुलगी उभी असेल, हा विचारही त्या शिकवणीतच बसतो. घरी आल्यापासून बादलीतलं उरलेलं पाणी ओतताना हात थांबतो.

तिसऱ्या दिवशी डोळखांबवरून डेहणे. गावामागे आजोबाचा डोंगर, आजा पर्वत. इथे वाल्मीकींचा आश्रम होता आणि लव-कुश इथेच जन्मले, अशी इथल्या लोकांची श्रद्धा. कड्यावर त्यांचा पाळणा आहे असं सांगतात. तिथपर्यंत आम्ही गेलो नाही, आश्रमाच्या रानात सावलीला बसलो. मी तिला आपली गोष्ट सांगितली. विमलसूरींच्या पउमचरियात सीतेला रानातून वज्रजंघ राजा बहीण मानून घरी नेतो, मुलांची नावं लवण आणि अंकुश, आणि शेवटी अग्निपरीक्षा झाल्यावर राम बोलावतो तरी सीता परत जात नाही. दीक्षा घेते.

मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे शेवटचं तिने स्वतः ठरवलं."

चौथ्या दिवशी शहापूर सोडून किन्हवलीमार्गे सरळगावला आलो आणि मुरबाड तालुका सुरू झाला. भात कापून झालेलं, खाचरांत वाल पेरलेला, ठिकठिकाणी पेंढ्याच्या गंज्या. फांगणे गावी जायचं होतं. तिथली आजीबाईंची शाळा तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती सुरू केली. साठीच्या, सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढच्याही आज्या गुलाबी लुगडं नेसून, दप्तर-पाटी घेऊन अक्षरं गिरवायला आल्या. शाळा दुपारी भरायची, कारण सकाळी घरची कामं. आम्ही सकाळीच पोचलो, त्यामुळे वर्ग काही पाहायला मिळाला नाही. पण मैत्रिणीने एक गोष्ट सांगितली ती लक्षात राहिली. नोकरी लागली तेव्हा गावातल्या बायकांचे अंगठे कागदावर घ्यायचं काम तिच्याकडे यायचं. शाईची डबी पुढे केली की बायका पदराआड हसायच्या. तिला ते हसणं आवडायचं नाही. आपलं नाव आपल्याला लिहिता येत नाही, ही लाज त्या हसून झाकतात, असं ती म्हणायची.

पाचवा दिवस नाणेघाटाचा. या दिवसाचं मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

टोकावड्याच्या पुढे वैशाखरे गाव. तिथून समोर बघितलं की कड्याचा एक भाग हाताच्या अंगठ्यासारखा वर आलेला दिसतो, त्याला नानाचा अंगठाच म्हणतात. पायथ्यापासून अडीच-तीन तासांची चढण. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला, पुढे पैठणला जायचा. वर दगडी रांजण आहे, जकात त्यात टाकत असं सांगतात. आणि घाटाच्या तोंडाशी गुहा आहे, तिच्यात सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांपैकी काही त्यात आहेत, हे मैत्रीण दरवर्षी मुलांना गणिताच्या तासाला सांगायची. पण ती गुहा तिने स्वतः कधी पाहिली नव्हती. तिला ती माझ्याबरोबर पाहायची होती.

गुहा घाटमाथ्यावर. घाटमाथा म्हणजे जुन्नर तालुका, पुणे जिल्हा. माझी हद्द पायथ्याच्या बाजूला संपत होती.

मी तिला म्हटलं, मी इथे थांबते, तू जाऊन ये. ती चिडली. "इतकी जवळ येऊन? दोनशे पावलांसाठी? तुला कोण विचारायला येणार आहे?" मी काही बोलले नाही. विचारायला कोणी येत नाही, तिथेच तर पच्चक्खाणाची किंमत असते, पण हे तिच्या रागापुढे म्हणणं बरं नव्हतं. तिला वाईट वाटलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पुढच्या महिन्यात ती नागपूरला जाणार. पुन्हा आम्ही दोघी या पायथ्याशी कधी येणार? मन एकदा म्हणालं, मैत्रीचं पाप नको. मग दुसरंही म्हणालं, आज मैत्रिणीसाठी मोडलं तर उद्या भाचीच्या लग्नासाठी मोडेल, परवा कंटाळा आला म्हणून. मी थांबले. गावातल्या दोन मुली वर निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर ती गेली. मागे वळून पाहिलं नाही.

गाडी एका अंगणात लावलेली, तिथल्या बाईंनी बसायला घोंगडी टाकली. मी तिथे दोन सामायिक केल्या. बाईंनी विचारलं, "ताई, तुम्ही डोळे मिटून काय बोलत होता?" मी जमेल तसं सांगितलं. ४८ मिनिटं जागचं हलायचं नाही, कोणाला दुखवायचं नाही, रागवायचं नाही. त्या म्हणाल्या, मला ४८ मिनिटं कोणी एका जागी बसू देईल तर मीपण करीन. मग कोरा चहा झाला. त्यांच्या लेकीची सोयरीक, वालाचं पीक, घाटातून येणारी जनावरं, असं बोलणं चार तास चाललं. वर गेले असते तर यातलं काहीच कानावर पडलं नसतं.

तीन वाजता मैत्रीण उतरली. चेहरा लाल, गुडघ्यांवर माती. पाणी प्यायली आणि म्हणाली, "ऐक. तुझ्यासारखीच एक भेटली वर."

तिने सांगितलं ते असं. गुहेत राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या कधीच नाहीशा झाल्या, त्यांची नावं तेवढी वर कोरलेली राहिली. नागनिकेचंही. नवऱ्याच्या मागे मुलं लहान असताना तिने राज्य सांभाळलं असं मानतात. लेखात यज्ञांची आणि दानांची लांबलचक यादी आहे, गाई, घोडे, हत्ती, नाणी. आणि त्यातच, बहुतेक अभ्यासक जे नागनिकेचं वर्णन समजतात, त्यात दोन शब्द येतात. एक 'मासोपवासिनी', महिनाभराचे उपवास करणारी. दुसरा 'गहतापसा', घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी.

मैत्रिणींनो, ती वैदिक यज्ञ करणारी राणी होती, आपल्यातली नव्हे. पण मासक्षमणाला बसलेली बाई घरात कशी दिसते हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. नातवंडांत बसलेली असते, किल्ल्या कमरेला असतात, आणि तरी वेगळी असते. 'गहतापसा' ऐकून मला माझ्या आजेसासूबाई आठवल्या.

परतताना सरळगावपर्यंत ती बोलली नाही. मग गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, "मी गाडी शिकले तेव्हा मला काय काय ऐकवलं होतं माहितेय? बाईने मोटारसायकल चालवायची नाही, या पाड्यावर एकटीने जायचं नाही, शाळा सुटली की सरळ घरी. मर्यादा हा शब्द मी कायम तसाच ऐकला. मला दिलेली मर्यादा. तुझी तू स्वतः मागून घेतलीस. आज चढताना तुझा फार राग आला होता. उतरताना तो फरक कळला." आणि गाडी सुरू केली.

मला वाटतं या आठवड्यात मी जे शिकले ते तिनेच नेमकं सांगितलं. दुसऱ्याने आखलेली रेघ बाईला लहान करते. आपण समजून घेतलेल्या नियमाने तसं होत नाही. म्हणून सुनेला किंवा लेकीला 'आपल्यात असं चालत नाही' म्हणण्याआधी मी आता थांबते. हा नियम तिने घेतलाय की मी तिच्यावर टाकतेय, एवढं स्वतःला विचारते.

सहाव्या दिवशी सिद्धगडाच्या पायथ्याच्या रानात गेलो. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे इंग्रजांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. माथेरानचे वकील असलेले कोतवाल या डोंगरांत भूमिगत राहिले, त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. स्मारकापाशी दोघी उभ्या राहिलो. तिथे आवाज फक्त पाखरांचा होता.

सातव्या दिवशी लांब जायचं नव्हतं. नवकारसीच्या आधीच महामार्गावरून तीन साध्वीजी विहार करत येताना दिसल्या. एक वयोवृद्ध, चाकाच्या खुर्चीत. बाजूने ट्रक धडधडत जात होते. महामार्गावरच्या विहारातले अपघात आपण दरवर्षी ऐकतो. मैत्रिणीने काही विचारलं नाही. माझ्या अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट होतं. तिने मला मागे तोंड दिसेल असं नीट बसवलं, इंडिकेटर लावला आणि पहिल्या गिअरमध्ये, थांबत थांबत, त्यांच्या मागे गाडी ठेवली. त्या मुक्कामाला पोचेपर्यंत. एवढ्या वर्षांत इतकी सावकाश गाडी कधी चालवली नव्हती, असं ती नंतर म्हणाली. तुमच्या गावातून विहार होत असेल तर पहाटे अशी एखादी दुचाकी मागे ठेवायची सेवा घरातली मुलं सहज करू शकतील. मुलीसुद्धा.

मैत्रीण नागपूरला गेली. गाडी भाचीकडे आहे, ती त्यावरून किन्हवलीला नोकरीला जाते. परवा फोन आला होता. नवं शहर, ओळखीचं कोणी नाही, मुलगा-सून दिवसभर कामावर. मी काळजीने विचारलं, वेळ कसा जातो? म्हणाली, "तुझ्या चौदा नियमांतला एक मी घेतलाय. रोज सकाळी एक दिशा ठरवते आणि तेवढ्याच बाजूला चालत जाते. काल उत्तर होती. आज तुला फोन करून झाला की पूर्वेला निघणार."